क्लबचं पॅव्हेलियन बांधायचंय? आधी क्लबचा इतिहास काढा, मग प्लॅन

मीटिंगमध्ये ठराव होतो, "यंदा पॅव्हेलियन बांधायचंच", आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ओळखीच्या आर्किटेक्टला फोन लावतो. बहुतेक क्लबात सुरुवात अशीच होते. माझं म्हणणं एवढंच की आर्किटेक्टला फोन करायच्या आधी क्लबचं जुनं कपाट उघडा. जागा कोणाच्या नावावर आहे, पाणी कुठे तुंबतं, मागच्या वेळी काम का अडकलं, कोणत्या देणगीदाराला काय शब्द दिला होता, हे सगळं तिथे असतं, आणि बांधकामाचा प्लॅन फसतो तो नेमका ह्याच गोष्टींवरून. सिमेंट-सळईवरून फसणारे प्लॅन त्या मानाने कमी.

हे लिहितोय ते नवीन कमिटी मेंबर आणि सेक्रेटरी यांच्यासाठी, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर क्रिकेट खेळलंय पण बांधकाम कधी केलं नाही, आणि ज्यांच्या अंगावर आता अचानक हे काम आलंय त्यांच्यासाठी.

आधी थोडं मुंबईचं बघू

आपल्याकडे क्लब क्रिकेट सुरू झालं ते मुंबईच्या पारशांपासून. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढची बरीच वर्षं भांडण खेळाचं नव्हतंच, जागेचं होतं. एस्प्लनेड मैदानावर गोरे लोक पोलो खेळायचे, घोड्यांच्या टापांनी मैदान उखडायचं आणि त्याच मैदानावर पारशी पोरांना क्रिकेट खेळायचं असायचं. १८८० च्या दशकात अर्ज-विनंत्या झाल्या आणि पुढे समुद्राकाठच्या केनेडी सी फेसवर भूखंड मिळाले. आज मरीन ड्राइव्हला पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने ओळीने दिसतात ते त्यातूनच. हिंदू जिमखाना १८९४ चा, आणि त्याच्या नावातलं पी. जे. म्हणजे परमानंददास जीवनदास, देणगीदार. म्हणजे जागा, देणगी, नाव हे तिन्ही विषय तेव्हापासून आहेत आणि तुमच्या क्लबातही तेच तीन विषय निघणार.

मग ब्रेबॉर्न स्टेडियम. ते बांधणारा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ चा, स्टेडियमची पायाभरणी २२ मे १९३६ ला, उद्घाटन ७ डिसेंबर १९३७ ला. समुद्रात भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर दीड वर्षात आख्खं स्टेडियम उभं केलं, तेही त्या काळात. तारखा परत वाचा, दोन पावसाळे त्यात गेले. कामाची आखणी पक्की असेल तर पावसाळा धरूनही काम होतं.

आणि वानखेडे. ते का बांधावं लागलं? ब्रेबॉर्नच्या मॅचेसना बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला किती सीटा द्यायच्या यावरून क्लब आणि असोसिएशनचं फाटलं. बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी मनावर घेतलं, शशी प्रभूंनी डिझाइन केलं, आणि साधारण १३ महिन्यांत नवं स्टेडियम तयार. जानेवारी १९७५ ला वेस्ट इंडिजची टेस्ट झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ मारले. ब्रेबॉर्नवर मात्र १९७३ नंतर पुढची टेस्ट यायला २००९ उजाडलं, सेहवागच्या २९३ वाली. खुर्च्यांच्या वाटणीचा वाद मिटला नाही म्हणून हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं! तुमचं पॅव्हेलियन दोन खोल्यांचं असलं तरी कोणाला काय मिळणार हे आधी कागदावर आणा, एवढ्यासाठी हे सांगितलं.

पायरी १: कपाट उघडा

यात काय शोधायचं: जुनी मिनिट बुकं, ऑडिट रिपोर्ट, स्कोअरबुकं, स्पर्धांच्या स्मरणिका, पेपरातली कात्रणं, फोटो, पालिकेची किंवा कलेक्टर ऑफिसची पत्रं. क्लब ट्रस्ट म्हणून नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून परिशिष्ट १ चा उतारा काढा, त्यात क्लबची स्थावर मिळकत म्हणून काय नोंदलंय ते दिसतं. कित्येक क्लबांना वाटत असतं मैदान आपलंच आहे आणि कागदावर मात्र ते भाडेपट्ट्यावर असतं, किंवा नुसतं वापरायची परवानगी असते. आझाद मैदान, क्रॉस मैदानावरचे कितीतरी नावाजलेले क्लब वर्षानुवर्षं तंबूतूनच चालत आलेत, आणि त्याच आझाद मैदानावर १९८८ ला सचिन-विनोदची ६६४ ची भागीदारी झाली. त्यामुळे पक्कं बांधकाम होत नसेल तर क्लब बुडाला असं काही नाही, फक्त ते आर्किटेक्टची फी भरायच्या आधी कळायला हवं.

कागदाबरोबर माणसं. जुने खेळाडू, जुने अंपायर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मैदानाचा माळी. पाळवणकर बाळू हा आपला पहिला मोठा बोलर, तो पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिचवर रोलर फिरवायचा, आखणी करायचा आणि नेटमध्ये साहेबांना बोलिंग टाकायचा. मैदान कळतं ते असं रोज त्यावर राबणाऱ्याला. माळीकाकांना मैदानात बरोबर घेऊन फिरा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा (त्यांना विचारून) आणि हे प्रश्न विचारा: पाऊस थांबल्यावर शेवटी कुठलं पाणी ओसरतं? मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं? मुंबईत असाल तर २६ जुलै २००५ ची खूण विचारा, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. पुण्यात नदीकाठी असाल तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, सांगली-कोल्हापूरला २००५ आणि २०१९. ही खूण भिंतीवर किंवा झाडावर दाखवून घ्या आणि तिची उंची सर्व्हेयरकडून मोजून घ्या, कारण तुमच्या प्लिंथची, म्हणजे जोत्याची, उंची याच आकड्यावरून ठरणार आहे. पूर आणि प्लिंथ, इतिहास आणि बांधकाम, सगळं एकाच खुणेवर येतं ते इथे.

ऐकलेली गोष्ट लगेच छापू नका. "अमक्या साली आपल्या मैदानावर तमका खेळला" हे सगळेच सांगतात, ते स्कोअरबुकात किंवा त्या वेळच्या पेपरात मिळालं तरच इतिहासात घ्या, नाहीतर "आठवण" म्हणून वेगळं लिहा.

एक विनंती, जुने कागद लॅमिनेट करू नका. लोक प्रेमाने करतात पण उष्णतेने आणि प्लास्टिकने कागद कायमचा खराब होतो. स्कॅन करा, ३०० डीपीआय पुरतं, आणि मूळ कागद कोरड्या कपाटात ठेवा.

पायरी २: जागा आणि परवानग्या

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड बघून घ्या. आरक्षण काय आहे ते डीपीवर (विकास आराखड्यावर) पाहा, मैदानाच्या आरक्षणात किती बांधकाम चालतं याला मर्यादा असते, त्याचे नियम मुंबईत डीसीपीआर २०३४ आणि राज्यात बाकी बहुतेक ठिकाणी २०२० चं यूडीसीपीआर. ट्रस्ट असाल तर कर्ज काढायच्या आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि नवीन हॉल कोणाला ३ वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायचा विचार असेल तरी लागते. हे शेवटी कळलं की पैशाचं गणितच बदलतं. बांधकाम परवानगी, मग प्लिंथ चेकिंग, मग शेवटी ओसी (इमारत वापरायचा दाखला), आणि कामगार कल्याणाचा १ टक्का सेस बजेटमध्ये धरा.

पायरी ३: काय बांधायचं ते क्रिकेटकडून ठरवा

पिच उत्तर-दक्षिण असतं म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन बॅट्समनच्या डोळ्यात जात नाही. म्हणून पॅव्हेलियनला पश्चिमेची बाजू चांगली, दुपारनंतर ऊन प्रेक्षकांच्या पाठीला येतं. उत्तर आणि दक्षिण टोकाला साइटस्क्रीनच्या मागे चकाकणारी काच किंवा पत्रा नको. पिच २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर, आणि रुंदी ३.०५ मीटर, पण जागा धरायची ती सगळ्या स्क्वेअरची (मधल्या शेजारी-शेजारी पिचच्या पट्ट्याची), एका पिचची नाही.

स्कोअररच्या खोलीतून दोन्ही टोकं दिसली पाहिजेत आणि अंपायरशी हाताने खुणा झाल्या पाहिजेत. अंपायरना वेगळी खोली. मुलींची चेंजिंग रूम आणि टॉयलेट पहिल्या नकाशातच घ्या, "पुढच्या फेजमध्ये करू" म्हणालात तर ती फेज येत नाही आणि मुली दुसऱ्या क्लबात जातात. ड्रेसिंग रूमला गुळगुळीत टाइल नको, स्पाइक्सने फुटतात आणि माणूस घसरतो, खडबडीत फरशी आणि वर रबरी मॅट. स्टोअरचं शटर रोलरच्या रुंदीपेक्षा मोठं ठेवा आणि उंबरा ठेवू नका, रोलर आत-बाहेर करायचाय. माळ्याला बसायला, कपडे बदलायला जागा द्या, हे नकाशात कायम राहून जातं.

आणि इतिहासाची भिंत. कॅप्टनांच्या नावांचे बोर्ड, फोटो, जुनी कपाटं यांच्यासाठी अशी भिंत निवडा की जिच्या मागे टॉयलेट नाही, वर पाण्याची टाकी नाही आणि जी पावसाच्या माऱ्याकडे तोंड करून नाही. आपल्याकडे ओल येते ती याच तीन ठिकाणांहून.

पायरी ४: कॅलेंडर उलटं मांडा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे वेळ घालवा.

अडचण अशी की क्रिकेटचा सीझन आणि बांधकामाचा सीझन एकच, ऑक्टोबर ते मे. मुंबईत तर त्यावर कांगा लीग, १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाणारी, म्हणजे मैदान मोकळं असा महिना जवळपास नाहीच. म्हणून काम तारखेपासून पुढे मोजू नका, पावसापासून मागे मोजा.

समजा २० बाय १० मीटरचं तळमजल्याचं पॅव्हेलियन आहे, वर गच्ची. मुंबई-कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरा. त्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन पाणी साठवून टेस्ट झालेली हवी, तर मेचे शेवटचे दोन आठवडे त्याला. त्याआधी स्लॅबचं क्युरिंग (पाणी मारून ओला ठेवणं), दोन आठवडे. म्हणजे स्लॅब एप्रिलअखेर पडला पाहिजे. स्लॅबच्या आधी कॉलम, सेंटरिंग (काँक्रीटचा तात्पुरता साचा आणि टेकू), सळई असे पाच आठवडे, त्याआधी प्लिंथ बीम आणि भराव तीन आठवडे, त्याआधी खोदाई आणि फुटिंग (कॉलमखालचा पाया) चार आठवडे. झाले बारा. म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिली कुदळ, त्यासाठी डिसेंबर-जानेवारीत टेंडर, त्यासाठी परवानगी नोव्हेंबरपर्यंत हातात, त्यासाठी नकाशा सप्टेंबरात दाखल, आणि त्यासाठी पायरी १ आणि २ आधीच्या उन्हाळ्यात पूर्ण. मग आतलं प्लास्टर, वायरिंग, प्लंबिंग, फरशी हे सगळं छपराखाली पावसाळ्यात आरामात होतं आणि दसऱ्याला उद्घाटन.

या साखळीतला एक दुवा एक आठवडा लांबला की सगळं एक आठवडा लांबतं, इंजिनिअर लोक याला क्रिटिकल पाथ म्हणतात. कंपाउंड, नेटचे खांब, रंग हे त्या साखळीत नाहीत, ते मागेपुढे झाले तरी चालतं. नवीन माणूस नेमका उलटा वागतो, दिसणाऱ्या रंगावर भांडतो आणि फुटिंग दोन आठवडे रेंगाळलं तर गप्प बसतो. दर रविवारी साइटवर एकच प्रश्न विचारायचा, "स्लॅबची तारीख हलली का?" हलली असेल तर त्याच दिवशी मीटिंग.

माती परीक्षण मात्र नकाशाच्या आधीच. काळ्या मातीचं पिच सुंदर होतं पण तीच काळी माती पायाखाली आली की पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, मग भिंतींना तडे. जेसीबीने दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, फोटो पाठवून भागवू नका.

तारीख चुकली तर काय होतं? २०११ च्या वर्ल्ड कपला कोलकात्याचं ईडन गार्डन्स वेळेत तयार झालं नाही म्हणून भारत-इंग्लंड मॅच बंगळुरूला गेली. तीच ती ३३८ ला ३३८ टाय झालेली मॅच. ईडनसारख्या मैदानाची मॅच जाते तर तुमच्या क्लबचं स्पर्धेचं यजमानपद जायला किती वेळ लागणार.

पायरी ५: पैसे

पीडब्ल्यूडीच्या दरसूचीवर बीओक्यू (कामाची आयटमवार यादी, मापं आणि दरांसकट) करून घ्या, त्यावर बाजारभाव तपासा, जीएसटी वेगळा धरा आणि ५ टक्के तरी अचानक खर्चासाठी ठेवा. एकूण रकमेवर "सगळं मिळून एवढे" असा व्यवहार नको, आयटमवार मोजमाप आणि आरए बिलं (काम होईल तशी द्यायची बिलं), प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवायचे आणि दोष दुरुस्तीची मुदत संपली की द्यायचे. काम तीन टप्प्यांत तोडा, प्लिंथ, स्लॅब, फिनिशिंग. पुढच्या टप्प्याचे पैसे बँकेत असल्याशिवाय तो टप्पा सुरू करू नका, नुसत्या शब्दावर कॉलम उभे करून ठेवले तर उघड्या सळया दोन पावसाळे गंजतात.

देणगीदाराचं नाव कुठे, किती मोठं, किती वर्षं, हॉल त्यांना वापरायला मिळणार का, हे जनरल बॉडीच्या ठरावात लिहा. निवडणूक झाली, कमिटी बदलली तरी ठराव राहतो.

पायरी ६: काम चालू असताना मैदान वाचवा

काँक्रीटचा भरलेला मिक्सर २० टनांहून जास्त भरतो. तो एकदा आउटफिल्डवरून गेला की खालची माती दाबली जाते आणि पाणी मुरायचं थांबतं, वरून गवत हिरवं दिसतं पण पावसात चाकोरीत डबकं राहतं. म्हणून गाड्यांचा रस्ता बाउंड्रीच्या बाहेरून, नसेल तर लांबून पाइपने काँक्रीट टाकणारा बूम पंप मागवा. मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी मैदानाकडे जाता कामा नये. स्क्वेअरभोवती पहिल्या दिवशी कुंपण, पाण्याची लाइन माळ्यासाठी चालू ठेवा, पिचला पाणी चुकवून चालत नाही.

स्लॅबच्या दिवशी कमिटीतलं कोणीतरी सकाळपासून साइटवर हवंच. बाल्कनीकडे लक्ष द्या. पुढे आलेल्या बाल्कनीत मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि काँक्रीट टाकताना कामगार तिच्यावरून घमेली घेऊन चालतात, सळई दबून खाली बसते, वरून काही कळत नाही. चालायला फळ्या टाकायला लावा, सळईखाली चेअर (तिला वर धरणारे आधार) आहेत का बघा आणि काँक्रीट पडायच्या आधी इंजिनिअरची सही घ्या. जिथे प्रेक्षक दाटीने उभे राहून उड्या मारणार तिथे हे सोडून देता येत नाही.

क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्या. एवढ्या पॅव्हेलियनला स्लॅब आणि बीम मिळून साधारण ४० घनमीटर काँक्रीट लागतं, त्याला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ४ सॅम्पल, प्रत्येकी ३ क्यूब, २८ दिवसांच्या टेस्टसाठी, आणि ७ दिवसांचे वेगळे. सेंटरिंग काढायची घाई नको: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीम ६ मीटरवर असेल तर २१. इंजिनिअरने जास्त सांगितले तर त्याचं ऐका. कंत्राटदार "प्लेटा दुसऱ्या साइटला पाहिजेत" म्हणेल, त्याला मोजलेले दिवस दाखवायचे, विषय संपला.

पायरी ७: काम संपल्यावरचे कागद

ओसी घ्या, ती नसताना उद्घाटन करू नका. प्रत्यक्षात जसं बांधलं तसे नकाशे करून घ्या, विशेषतः ड्रेनेज आणि केबल कुठून गेल्यात ते, कारण पुढच्या वेळी कोणीतरी नेटचा खांब रोवायला तिथेच खणणार आहे. क्यूबचे रिपोर्ट, मोजमाप पुस्तक, वॉटरप्रूफिंगची गॅरंटी, दर आठवड्याचे फोटो तारखेसकट, सगळं एका फाइलीत आणि ती फाइल त्याच जुन्या मिनिट बुकांच्या कपाटात. ट्रस्ट असाल तर नवीन इमारत ही मिळकतीतला बदल आहे, तिचा चेंज रिपोर्ट धर्मादाय ऑफिसात ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो. उद्घाटनाच्या आधीच तो तयार करून ठेवा, कारण नंतर सीझन सुरू होतो आणि सेक्रेटरी मॅचेसच्या मागे असतो.